ज्या दिवशी पावडर, त्या दिवशी गोळी नाही

विलासने मला फसवलं आणि मी सुनंदाला फसवलं. विलास माझा फळांच्या धंद्यातला भागीदार, सुनंदा माझी बायको. दोन्ही फसवणुकींत फरक एवढाच, की माझी मी कबूल केली आहे.

मी वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये फळांचा व्यापार करतो. कोरेगाव तालुक्यातून एकोणिसाव्या वर्षी आलो. आधी पाठीवर पेट्या वाहिल्या, मग दुसऱ्याच्या गाळ्यावर उभा राहिलो, मग स्वतःचा गाळा घेतला. स्वभाव तापट आहे. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेली माणसं मला नावानिशी आठवतात, इतकी ती थोडी आहेत. हे सांगायचं कारण, मी भोळा नव्हतो. भोळा माणूस फसला तर लोक हळहळतात. माझ्यासारखा फसला तर तो कसा फसला ते त्याने नीट सांगावं, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगाला येईल.

सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मनीषा मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलता तसंच लिहा. नवीन पेशंटना वाचायला देईन. फक्त शिव्या गाळा."

शिव्या गाळल्या आहेत.

पहिला कागद

सहा वर्षांपूर्वी मला नागीण झाली. कमरेपासून बेंबीपर्यंत आग. डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही सांगितली. निकाल सांगायला मनीषा मॅडमनी आत बोलावलं, दार लावलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. ग्लास बघूनच मला कळलं.

मी म्हणालो, "पुन्हा तपासा. दुसऱ्या मशीनवर."

"तीन वेगळ्या किटवर तपासलंय."

"मग चौथ्यावर तपासा."

"दादा," त्या म्हणाल्या, "इथे घासाघीस होत नाही. पण गोळी आहे, ती फुकट आहे आणि तिने माणसं म्हातारी होतात."

रोग कुठून आला ते मला माहीत आहे आणि सुनंदालाही माहीत आहे. तिसऱ्याला माहीत व्हायचं कारण नाही. तिचीही तपासणी झाली. ती निगेटिव्ह निघाली. त्यानंतर आठ दिवस ती मला 'अहो' म्हणाली नाही. जेवण वाढायची, भिंतीशी बोलायची. "भाकरी हवी असेल त्याने सांगावं." नवव्या दिवशी सकाळी तिने गोळ्यांची बाटली चहाच्या डब्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, "अहो, चहाआधी ही." एवढंच. पुढे तीन वर्षं रोज मी गोळी गिळेपर्यंत ती चहाचा कप हातात धरून उभी राहायची. गोळी आत, मग कप माझ्या हातात.

सहा महिन्यांनी रक्तातल्या विषाणूचं मोजमाप झालं आणि त्यात तो सापडलाच नाही. रोग गेला नव्हता, दबला होता. मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "असंच राहिलं तर यांच्यापासून ताईंना धोका नाही. पण गोळी रोज. रोज म्हणजे रोज."

सुनंदा घरी येताना सीवूड्स स्टेशनबाहेर थांबली आणि तिने मोगऱ्याचा गजरा घेतला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यात तिने स्वतःहून गजरा घेतलेला मी पाहिला नव्हता.

विलास

विलास माझ्या मामाच्या गावचा. आम्ही एकत्र हमाली केली, एका ताटात जेवलो. माझा आजार सुनंदाखेरीज फक्त त्याला ठाऊक होता. मीच सांगितला होता.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक आंबा बघायला आलं की व्यापारी पेटीतला एक फोडतो, पहिली फोड स्वतः खातो आणि मगच दुसरी गिऱ्हाइकापुढे धरतो. जो स्वतः चाखत नाही त्याच्या पेटीला आम्ही हात लावत नाही.

तीन वर्षांमागच्या हापूसच्या हंगामात मी फार थकलो होतो. हंगामात आम्हाला दोन-तीन तासांवर झोप नसते, आणि वय पंचेचाळीस झालेलं. विलासने कागदाची पुडी दिली. त्या नशेच्या पावडरीला एमडी म्हणतात हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, "नशा नाही रे ही. जागायची पावडर आहे. पोरं अभ्यासाला घेतात."

त्याने स्वतः ती माझ्यासमोर घेतली नाही. हे मी त्याच दिवशी पाहायला हवं होतं.

पावडर घेतल्यावर मला पंचविशीत असल्यासारखं वाटलं. भूक नाही, झोप नाही, जिभेला धार. पहिल्या आठवड्यात मी असे सौदे केले की शेजारच्या गाळ्यावरचे लोक बघायला थांबत होते. खोटं कशाला सांगू, मला ती आवडली. आवडली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "माझ्या गोळीबरोबर चालते का ही?"

त्याने क्षणभर विचार केल्यासारखं केलं. "तुझी गोळी गरम, ही पण गरम. एका दिवशी दोन्ही नको, लिव्हर जाईल. ज्या दिवशी ही घेशील त्या दिवशी गोळी सोड. दुसऱ्या दिवशी घे."

मी पेटीतला एकेक आंबा नाकाला लावून घेणारा माणूस. त्याच्या या शब्दाला मी बोटही लावलं नाही. डॉक्टरला विचारलं असतं तर पावडरचं सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

माप

आधी आठवड्यातून एक दिवस, मग तीन, मग गोळीचाच एखादा दिवस उरला. सुनंदासमोर गोळी टाळता येत नव्हती. मी तिला म्हणालो, हंगाम आहे, लवकर निघतो, बाटली गाळ्यावर ठेवतो. तिने बाटली दिली. चहाच्या डब्याशेजारी तिची गोल खूण राहिली होती. ती तिने पुसली नाही.

केंद्रात दर वेळी उरलेल्या गोळ्या मोजतात. जास्त उरल्या तर कळतं की चुकवल्या. मी जायच्या आदल्या दिवशी जास्तीच्या गोळ्या मोरीत सोडायचो. मॅडम मोजायच्या आणि म्हणायच्या, "शाब्बास." रक्ततपासणी जवळ आली की दोन आठवडे गोळी नेमाने घ्यायची, असंही मी ठरवून ठेवलं होतं. पेटीत वरच्या थराला चांगली फळं लावणाऱ्या व्यापाऱ्याला मी भर बाजारात उभा करून बोललेलो आहे. तेच मी माझ्या रक्ताचं करत होतो.

आणि या सगळ्या महिन्यांत मी घरी नवऱ्यासारखाच राहत होतो. सुनंदा आपल्याला धोका नाही असं समजून राहत होती. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

सुकट

सगळ्यात आधी वच्छीबायने ओळखलं. गाळा घेण्याआधी आम्ही वाशीजवळच्या पावणे गावात तिच्या खोलीत भाड्याने राहायचो. आता ती सत्तरीच्या पुढे आहे. जमीन गेली, चाळ उभी राहिली, तरी खाडीची मासळी तिच्या हातून सुटत नाही. निवट्यांचं कालवण घेऊन ती आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत येते. वॉचमनने वहीत सही करायला सांगितलं की म्हणते, "मला लिवता आलं असतं तर मी तुजी साहेब असते."

त्या दिवशी तिने मला दारातच थांबवलं.

"बाला, तुजं गाल कुठं गेलं?"

"काम आहे, वच्छीबाय."

"काम मी पन केलाय. सुनंदा, याला बग. मानूस नाय, सुकट झालाय."

मी तिच्यावर ओरडलो. पावडरीने माझा मुळातला तापटपणा दुप्पट झाला होता. भांडं वाजलं तरी मी भांडायचो. वच्छीबाय ऐकून घेत उभी राहिली. मग कालवणाचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "वरडून झाला? आता जेव."

मला जेवता येत नव्हतं. तोंडात पांढरा थर आला होता, घास टोचायचा. महिन्याभरात खोकला आणि संध्याकाळचा ताप सुरू झाला. एका सकाळी गाळ्यावर मोसंबीची गोण सरकवताना मी तिच्यावरच बसलो आणि उठता येईना. शेजारच्या गाळेवाल्याने रिक्षा केली.

खाट

टीबी निघाला. रक्तातला विषाणू पुन्हा वाढला होता. मॅडम वॉर्डात आल्या. आकडा तोंडाने न सांगता त्यांनी दोन कागद माझ्या छातीवर शेजारी ठेवले. जुन्यावर आकडाच नव्हता. नव्यावरचा बघून मी डोळे मिटले.

"गोळ्या तर बरोबर मोजून आणत होतात," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही कागद उलटे करून ठेवले.

"दादा, मी पोलीस नाही. काय घेताय?"

मी सांगितलं. पुडी, मोरी, विलासचा सल्ला, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त खुर्ची जवळ ओढली.

"गोळी आणि पावडर एकत्र नको म्हणून गोळी सोडलीत?"

"हो."

"असं करणारे तुम्ही पहिले नाहीत. सोडायची होती तर पावडर सोडायची. नाही सुटली, तरी गोळी घ्यायचीच. त्या दिवशी तर नक्कीच."

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं ते असं. पावडर झोप आणि भूक खाते, त्याने अंगाची ताकद जाते. ती स्वतःही आपल्या प्रतिकारशक्तीला धक्का देते आणि विषाणूला वाढायला मोकळीक मिळते. वर गोळ्या चुकल्या, म्हणजे त्याला अडवायलाच कोणी नाही. आणि गोळी अशी अर्धवट घेतली तर विषाणू तिला सरावतो, मग ती गोळी कामाची राहत नाही. माझी गोळी अजून कामाची आहे का, ते त्यांनाही तेव्हा सांगता येत नव्हतं.

मी विचारलं, "आठवड्यातून एखादी पावडर चालेल?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मनीषा मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "घासाघिशीची सवय आहे त्यांना. उत्तर देऊ नका."

वॉर्डातलं रोजचं सांगतो, कारण नवीन माणसाला त्याची भीती असते. पहाटे ताप बघतात. सहाला चहा येतो, पातळ पण गरम. नऊला डॉक्टरांची फेरी. दुपारी सगळं शांत होतं आणि तेव्हाच मन खायला उठतं. पावडर बंद झाल्यावर पहिले तीन दिवस मी नुसता झोपलो. मग जाग आली तर जगण्यात काही चव नाही असं वाटायला लागलं. भिंतीकडे तोंड करून पडायचो. व्यसनमुक्ती विभागाचे डॉक्टर येऊन सांगून गेले की हे पावडर उतरल्याचं आहे, हळूहळू कमी होतं. कमी झालं. पण त्या दिवसांत मला कोणी सांगितलं नसतं तर मी ते कायमचं समजलो असतो. म्हणून इथे लिहून ठेवतो.

विलास एकदा आला. पिशवीभर मोसंबी आणली होती. खाटेच्या कडेला बसून हळू आवाजात म्हणाला, "माझं नाव घेऊ नकोस. तू माझं घेतलंस तर तुझं मार्केटात किती दिवस झाकून राहील?" मग मोठ्याने, शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "काळजी घे रे, भावा."

ओढणी

सुनंदाला मी स्वतः सांगायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. मी सांगितलं. ती डब्यातून खिमट वाढत होती. चमचा तसाच धरून तिने विचारलं, "किती दिवस?"

"दहा-अकरा महिने."

"बाटली मी स्वतःच्या हाताने दिली तुम्हाला."

"हो."

तिने खिमट मला भरवलं. पूर्ण. वाटी पुसली, डबा धुतला, आणि जाताना म्हणाली, "माझी तपासणी करून येते. तोवर माझ्याशी बोलू नका. मी बोलेन तेव्हा बोला."

सौदे मी आयुष्यभर केले. समोरच्याच्या हातात सगळं आहे आणि माझ्याकडे द्यायला काही नाही, अशी वेळ पहिल्यांदा आली. त्या दोन दिवसांत मी देवाशीही घासाघीस केली. माझी गोळी निकामी होऊ दे, तिचा कागद कोरा राहू दे.

आता एक जुना रिवाज सांगावा लागेल. आमच्या बाजारात पूर्वी भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, आणि तळहातावर थाप म्हणजे सौदा पक्का. लग्न झालं त्या वर्षी मी हे सुनंदाला शिकवलं होतं. पाहुणे बसलेले असताना ती पदराखाली माझा हात धरून सांगायची, किती भाकऱ्या उरल्यात.

तपासणीचा निकाल घेऊन ती भेटीच्या वेळेला आली. वॉर्ड माणसांनी भरलेला होता. शेजारच्या खाटेवरचे आजोबा, त्यांच्या दोन सुना, सगळे आमच्याकडे बघत होते. ती खाटेवर बसली, माझा हात ओढला आणि वर ओढणी टाकली.

तळहातावर थाप पडली.

मी श्वास सोडला नाही. चुकून लागली असेल असं वाटलं. तिने पुन्हा मारली, जरा जोरातच. तिचा कागद कोरा होता. मग माझं एक बोट घट्ट धरलं. अजून एक तपासणी बाकी होती, तीन महिन्यांनी. ते बोट तिने भेटीची वेळ संपेपर्यंत सोडलं नाही.

आजोबांनी विचारलं, "काय वो, रडताय कशाला?"

सुनंदा म्हणाली, "डोळ्यात औषध घातलंय त्यांच्या."

घरी

टीबीची औषधं चालू असेपर्यंत एचआयव्हीची एक गोळी संध्याकाळीही घ्यावी लागायची. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवाबत्तीला. बाटली परत डब्याशेजारी, जुन्या खुणेवर आली.

वच्छीबायला मी स्वतः सगळं सांगितलं. एवढी वर्षं ती मला बाळ म्हणते, तिला दुसऱ्याकडून कळायला नको. ती ऐकत होती आणि कोळंबी सोलत होती.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय, वच्छीबाय. सांगितलं."

"माज्या हातचा खाशील ना?"

"मी तुझ्या हातचं खायचा प्रश्न नाही, तू…"

तिने माझ्या ताटातला अर्धा खाल्लेला माशाचा तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. "मीठ कमी परलाय," ती सुनंदाला म्हणाली.

एकदा मी घसरलो. घरी आल्यावर चौथ्या महिन्यात, एक पुडी. पण त्या सकाळी गोळी घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "लपवलं नाहीत, हा फरक आहे." सुनंदा मात्र दोन दिवस पुन्हा भिंतीशी बोलली. त्यानंतर पुडी नाही. उद्याचं मी छातीठोक सांगत नाही. आज नाही, एवढं सांगतो.

सुनंदाची दुसरी तपासणीही निगेटिव्ह आली. माझी गोळी शाबूत निघाली, विषाणू पुन्हा दबला. हे दोन्ही कागद तिने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलेत, गॅसच्या पुस्तकाबरोबर.

आता विलास

तो आमच्या लायनीत माझ्यापासून चार गाळे पुढे बसतो. भागी मी मोडली. तो आजही दुसऱ्यांना पुड्या देतो. त्यातल्या दोघांचे गाल मी पाहिलेत. त्यांच्यात कुणाला माझ्यासारखा आजार आहे का, मला माहीत नाही. पण असला, तर त्यालाही तो सांगेल, त्या दिवशी गोळी सोड.

पोलिसांत का गेलो नाही, असं वाचणारा विचारेल. माझा आजार बाहेर पडेल म्हणून. हे विलासला पक्कं ठाऊक होतं. माझी लाज हाच त्याचा रुमाल होता. त्याच्याखाली तो हवी ती बोटं दाबत होता.

मी सुनंदाला म्हणालो, मी मार्केटात सांगणार. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सांगा. पण अर्धं सांगू नका. मोरीचंही सांगा."

काल सकाळी माल उतरल्यावर मी लायनीतल्या व्यापाऱ्यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, मला एचआयव्ही आहे, मी पावडर घेत होतो, गोळ्या मोरीत टाकत होतो, बायकोला फसवत होतो. एकजण चहा ठेवून उठून गेला. बाकीचे बसले. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने माझ्या कपात आणखी चहा ओतला. विलास त्याच्या गाळ्यावर उभा राहून ऐकत होता. आज दुपारी मी पोलीस चौकीत जाणार आहे. सुनंदा बरोबर येते आहे.

माझ्या वाट्याचं मी दिलं आहे. आता विलास, तुझ्या वाट्याचं. तुझ्याकडे रुमाल उरलेला नाही. लायनीच्या मध्ये ये, सगळ्यांसमोर उभा राहा आणि एवढंच सांग. मला दिलीस, त्या दोघांना देतोस, त्या पुडीतली पहिली चिमूट तू स्वतः कधी चाखलीस का?